तक्रार क्रमांक ४७: पहिली धार

दिनांक: २० जानेवारी

तक्रारदाराचे नाव: अंकुश नरोटे, मराठीचा शिक्षक, आश्रमशाळा, तालुका धानोरा.

रुग्णाशी नाते: नवरा. रुग्ण बुधरी नरोटे, वय २४, महिला वॉर्ड, खाट ९, सातवा महिना.

तक्रार कोणाविरुद्ध: संघप्रिया बाई, रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा.

तक्रारीचे स्वरूप (थोडक्यात लिहावे):

थोडक्यात मावणार नाही. मी आधी आभाराची वही मागितली होती. लिपिक म्हणाले, तशी वही नसते, ही एकच आहे, आणि पेन दोरीला बांधलाय, तो ओढू नका. म्हणून आभार इथे लिहितो. रकाने तक्रारीचे आहेत, त्याला माझा इलाज नाही. शिवाय यात एक खरी तक्रारही आहे. ती माझ्याविरुद्ध आहे. पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. बुधरीला थंडी वाजून ताप येत होता, कंबर दुखत होती. आमच्याकडे थंडी वाजून ताप म्हणजे मलेरिया. शेंबडं पोरही सांगेल. बोटातलं रक्त काढलं, मलेरिया नाही निघाला, तरी मलेरियाच्या गोळ्या चालल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. लघवी तपासावी असं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि घरात शिकलेला मीच.

यंदा पाच जानेवारीला, सोमवारी, तोच ताप आला. तीच कंबर. बुधरीनं मला सांगितलं नाही. ती भांड्यांना राख लावत होती आणि हात थांबवून नुसती बसली होती, त्यावरून मला कळलं. त्याच दिवशी तिला घेऊन इथे आलो. डॉक्टरांनी पोट पाहिलं, बाळाचे ठोके ऐकले, ठोके ठीक होते. म्हणाले, लघवीचं कल्चर करू, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला मारणारं औषध कोणतं ते कळेल. भरती व्हा असंही म्हणाले. घरी धान मळायचं राहिलंय, असं सांगून बुधरीनं ऐकलं नाही.

खिडकीतून संघप्रिया बाईंनी एक झाकणाची डबी दिली आणि एक छापील चिठ्ठी. उद्या सकाळची पहिली लघवी, दोन तासांच्या आत इथे पोचवा. बाकी चिठ्ठीत लिहिलंय, वाचून घ्या.

मी म्हणालो, वाचतो, मी शिक्षकच आहे.

(क्र. ४८. महिला वॉर्डातला पंखा लावला की खटखट वाजतो, बंद केला की डास. — खाट १२ चे नातेवाईक)

क्र. ४७, पुढे चालू. मधे इंजेक्शनची वेळ झाली म्हणून उठलो होतो, तेवढ्यात वही कोणी घेतली. असो.

डबी बुधरीसोबत आमच्या पाड्यावर, येरमेटोल्याला गेली आणि चिठ्ठी माझ्या खिशात राहून आश्रमशाळेत आली. वसतिगृहाची ड्यूटी होती. आमच्या टोल्यात फोन लागतो तो एकाच ठिकाणी, टेकडीवरच्या बिब्याच्या झाडाखाली. मंगळवारी उजाडताना आईला तिथे यायला सांगितलं होतं. आईचं नाव इतवारी. मी चिठ्ठी उघडली आणि वाचून दाखवली. छापलेलं असं होतं:

"पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्यावी."

मी आपल्या बोलीत सांगितलं, पहिली धार सोड, मंग मधली डबीत घे.

मुलानं आईशी सुनेच्या लघवीबद्दल बोलायचं, तेही टेकडीवर, आजूबाजूला आणखी दोघं फोन लावत उभे. तिला लाज वाटली, मलाही. समजलं का, एवढं मी विचारलं. हो म्हणाली. दोघांनीही घाईनं फोन ठेवला.

आता हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. आमच्या घरात "पहिली धार" या शब्दाचा एकच अर्थ आहे. मोहाची दारू गाळताना मडक्याच्या नळीतून सुरुवातीला येते ती. कडक आणि स्वच्छ. ती माणसं आधी पीत नाहीत. घरच्या पेनांना, म्हणजे आमच्या देवांना, ती आधी वाहतात. आणि वाहतात म्हणजे जमिनीवर सोडतात. धार सोडायची असते.

सोडणे या क्रियापदाचे अर्थ मी सातवीला शिकवतो. गाव सोडणे, उपास सोडणे, शेतात पाणी सोडणे. दरवर्षी शिकवतो. फळ्यावर लिहून देतो.

आईनं डबीत दोन बोटं पहिली धार सोडली. वर डबीच्या मध्यापर्यंत बुधरीची लघवी घेतली. झाकण घट्ट लावलं आणि माझा चुलतभाऊ इसरू याच्या गाडीवर डबी रवाना केली.

इसरू पितो. हे सगळ्या टोल्याला माहीत आहे, आणि तोंडावरून दवाखान्यालाही कळलं. पण त्या मंगळवारी त्यानं थेंब घेतला नव्हता, हे मी इथे त्याच्या आग्रहावरून नोंदवतो. खिडकीत डबी देताना वास आला. संघप्रिया बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन भाऊ, सकाळी सकाळीच?" इसरूनं शपथ घेतली. त्यांनी ती इतर शपथांसारखीच ऐकून घेतली.

(लाल शाईत: हे तक्रार रजिस्टर आहे. निबंध लिहू नये. — लिपिक)

निबंध नाही साहेब. मुद्द्यावरच येतो आहे.

संघप्रिया बाई मूल गावच्या. तिकडे सगळा धानाचा भाग. त्या मला म्हणाल्या, कल्चर म्हणजे काय ते सांगायला मला सोपं जातं, आमच्याकडे सगळ्यांना पऱ्हे माहीत आहेत. वाफ्यात धान पेरून त्याची रोपं काढतात तसं. काचेच्या ताटलीत जंतूंचं खाणं थापलेलं असतं, त्यावर लघवीचा थेंब पसरायचा, ताटली उबेत ठेवायची. जंतू असतील तर दुसऱ्या दिवशी उगवून येतात.

बुधवारी सकाळी ताटली कोरी होती. काहीच उगवलं नव्हतं.

इथे थांबून बाईंविरुद्धची तक्रार नीट लिहितो, कारण हीच तिची जागा आहे. संघप्रिया बाईंनी तो रिपोर्ट तेव्हाच पाठवून द्यायला हवा होता. जंतू नाही, असं लिहायचं, सही करायची, ट्रेमध्ये टाकायचं. नियमानं ते चूक नव्हतं. ताटली कोरी होती हे खरंच होतं. रोज त्यांच्याकडे साठ-सत्तर डब्या येतात. त्यांनी तसं केलं असतं तर डॉक्टरांनी लघवीचा विचार डोक्यातून काढला असता, आम्ही पुन्हा बोटातलं रक्त दिलं असतं, आणि पुढचं मला लिहायचं नाही.

त्यांनी पाठवला नाही. त्यांनी आदल्या दिवशीची काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. ती पुवाच्या पेशींनी भरलेली होती. मला म्हणाल्या, घरात एवढी लढाई दिसते आणि शत्रू एकही नाही, हे कसं? कोरं आलं की मी खूश होत नाही गुरुजी, मी आधी शंका घेते. मग त्यांनी फ्रीजमधून उरलेली डबी काढली आणि उघडली. इसरू तेव्हा खोलीत नव्हता. वास होता.

त्यांनी मला फोन केला. मी सातवीच्या वर्गात होतो. डबी कशानं धुतली, असं विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही, आईला विचारतो. म्हणाल्या, विचारा, पण रागावू नका, आणि विचारून झालं की पेशंटला घेऊन या, ताप वाढला असेल.

ताप वाढलाच होता. मी गाडीवर टोल्याला पोचलो तेव्हा बुधरी दोन गोधड्यांखाली थरथरत होती. आई उशाशी. मी रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. डबीत काय घातलंस, असं मी मोठ्यानं विचारलं. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरलो आहे.

"तूच त सांगलं पहिली धार सोड म्हनून. मी सोडली. पेनासाठी ठेवली होती, तीच वतली. मले वाटलं, पोराच्या कामाची हाय त चांगलीच द्याव."

चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती. काढून वाचली. चिठ्ठीत एकही अक्षर चुकीचं नव्हतं. सुरुवातीला म्हटलेली माझ्याविरुद्धची तक्रार ती हीच.

(क्र. ४९. पिण्याच्या पाण्याच्या नळाला तोटी नाही. तीन वेळा सांगितले. — सुरज)

क्र. ४७, पुढे. सुरजभाऊंची तक्रार बरोबर आहे, मीही पाहिलं आहे.

बुधवारी संध्याकाळी बुधरी भरती झाली. संघप्रिया बाईंची वेळ संपली होती, त्या डबा उचलून निघालेल्या होत्या. परत आल्या. आईला घाबरायला झालं होतं, मोठ्या दवाखान्याचं काम बिघडवलं म्हणून. ती व्हरांड्यात भिंतीला लागून उभी होती, आत यायला तयार नव्हती. बाई स्वतः बाहेर गेल्या. त्या हसल्या नाहीत, हे मला लिहायचंच होतं. त्यांनी आईला सांगितलं की तुम्ही जे घातलं त्यानं जंतू मेले, म्हणजे माल अस्सल होता, फक्त मला ते जिवंत पाहिजेत. आईनं विचारलं, जिवंत काऊन? बाई म्हणाल्या, त्यांना काय मारतं ते त्यांनाच विचारायचं आहे.

मग त्या बुधरीला धरून आत घेऊन गेल्या आणि एकदाही "धार" न म्हणता समजावलं. आधी थोडं जाऊ द्या. मग डबी धरा. डबी रिकामीच आहे, रिकामीच राहू द्या.

डॉक्टरांनी अंदाजानं एक इंजेक्शन सुरू केलं. रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत नाही म्हणाले. गुरुवार गेला. ताप उतरला नाही. शुक्रवारी बुधरी म्हणाली, पोटात हालचाल कमी वाटून राह्यली. नर्सनं ठोके ऐकले; होते, पण आम्ही दोघं ते ऐकताना एकमेकांकडे पाहत नव्हतो. मागच्या वेळीही हालचाल आधी कमी झाली होती. बुधरीनं मला विचारलं, आता किती दिवस झाले? मी सांगितलं, सव्वीस आठवडे. ती म्हणाली, मागच्यापेक्षा दोन जास्त. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

ताटलीवर या वेळी उगवलं होतं. गच्च. शनिवारी सकाळी संघप्रिया बाईंनी मला आत बोलावलं आणि दुसरी ताटली दाखवली. तिच्यात जंतूंचं पांढरट गवत पसरलं होतं आणि त्यावर आठ छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीत एक औषध. औषधाला जंतू घाबरत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, काही उगवत नाही. घाबरत नसेल तर गवत चकतीला येऊन भिडतं.

सहा चकत्यांना गवत भिडलं होतं.

बाई एकेका चकतीवर बोट ठेवून नाव सांगत होत्या आणि रिपोर्टवर आर लिहीत होत्या. आर म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाही. त्या नावं सांगत होत्या आणि मला आमचं घर दिसत होतं. अमॉक्सिसिलिन: बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या डॉक्टरानं दिली होती, तीन दिवसांची, बुधरीनं दीड दिवस घेतली. सिप्रो: आईच्या पायाला जखम झाली तेव्हाची उरलेली अर्धी पट्टी, आम्ही ती भिंतीच्या कोनाड्यात जपून ठेवली होती, कोणालाही काही झालं की त्यातली. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या ठेवायच्या, याला आम्ही काटकसर समजतो. नॉरफ्लॉक्स मी स्वतः शाळेच्या औषधपेटीतून नेली होती. सेफिक्झिम: धानोऱ्याला दुकानात "जरा जोरदार द्या" असं म्हणून घेतलेली, म्हणणारा मीच. पाचवं औषध म्हणजे बुधवारपासून चालू असलेलं इंजेक्शन. त्यालाही गवत भिडलेलं. म्हणून ताप उतरत नव्हता.

सहावं आम्ही कधीच घेतलं नव्हतं. मी तसं म्हणालो, जणू वर्गात कोणी माझ्यावर खोटा आळ घेतला. बाई म्हणाल्या, जंतू एकमेकांकडून शिकतात गुरुजी, तुमच्याच घरी शिकले पाहिजेत असं काही नाही.

दोन चकत्यांभोवती वर्तुळ होतं. त्यातलं एक औषध बाळाच्या कानाला बाधू शकतं, ते डॉक्टरांनी बाजूला ठेवलं. राहिलं एक. मेरोपेनेम. त्याचं वर्तुळ मोठं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. मी आजवर मोकळी जागा पाहून इतका वेळ उभा राहिलो नव्हतो. बाई म्हणाल्या, आता जा, मला अजून चाळीस डब्या आहेत.

(लाल शाईत: पान संपत आले. — लिपिक)

दिवसातून तीन वेळा इंजेक्शन, दहा दिवस. सोमवारी दुपारी बुधरीनं भात मागितला. सोमवारी संध्याकाळी ताप नव्हता. मंगळवारी तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. काल पुन्हा लघवी तपासली, आज ताटली कोरी आली. बाईंनी काचपट्टीही पाहिली आणि मगच सही केली.

या सगळ्यात आईचं एक काम निघालं. बाईंनी मला चिठ्ठी नव्यानं लिहून मागितली. मी चार वेळा लिहिली. चारही वेळा आईला वाचून दाखवली आणि चारही वेळा तिनं त्यात खोट काढली. शेवटी बाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, इतवारीबाई, तुम्हीच सांगा. आईनं गोंडीत सांगितलं, आधी हळू, मग चांगलंच खडसावून. डबीत दुसरं काही घालू नका, घरात किती का चांगलं असेना. आता गावाकडच्या बायका खिडकीत आल्या की बाई त्यांना ते ऐकवतात. बायका तोंडाला पदर लावून हसतात. पण डबी बरोबर आणतात.

अपेक्षित कार्यवाही: संघप्रिया बाईंना पत्रानं कळवावे की अंकुश नरोटे, त्याची बायको, त्याची आई आणि इसरू यांनी हात जोडले आहेत. इसरूची मागणी अशी की त्या दिवशी तो शुद्धीत होता याचीही नोंद व्हावी.

तक्रारदाराचे समाधान झाले काय (होय / नाही):



दिनांक: १६ मार्च. कार्यालयीन टीप, लाल शाईत:

क्र. ४७ चा शेवटचा रकाना कोरा. पंचावन्न दिवस प्रलंबित. पुढील आठवड्यात रजिस्टरची तपासणी. तक्रारदारास दूरध्वनी केला. ते म्हणाले, अजून सांगता येत नाही, मूल आले की भरतो. किती आठवडे झाले, असे विचारले. छत्तीस म्हणाले. "कार्यवाही सुरू" असा शेरा मारला आहे. रुग्ण बाई पायी फार चालत नाहीत ना, असेही विचारले. नाही म्हणाले. — लिपिक



दिनांक: २ एप्रिल

क्र. ४७, पुढे. अंकुश नरोटे लिहितो.

परवा दुपारी पावणेतीनला मुलगी झाली. दोन किलो सहाशे. बुधरी बरी आहे. माझ्या आईनं बाळाला पाहिलं आणि आधी प्रयोगशाळेच्या खिडकीकडे गेली, मग घरी फोन करायला सांगितलं. बाई हातमोजे काढून बाहेर आल्या, बाळाला लांबूनच पाहिलं, जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, मी दिवसभर कशाकशात हात घालते, मला नका देऊ. आईनं ते मानलं नाही. तिनं बाईंना नळावर नेऊन हात दोनदा साबणानं धुवायला लावले, स्वतः उभी राहून पाहिलं, आणि मग बाळ त्यांच्या हातात दिलं. नळाला तोटी बसली आहे.

लिपिक साहेबांना विनंती, की "होय" आणि "नाही" यांच्यात जागा कमी आहे म्हणून मी खूण न करता वरचं लिहिलं आहे. त्यावरून काय ते समजावं.



(क्र. ६३. खाट ९ चं बाळ सकाळपासून जोरात रडून राह्यलं, कोणाचंच ऐकत नाही. — खाट ८)